मराठी मजकूर चित्रात कोंडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली अकरा वर्षे मी सांगलीत राहून स्वतंत्रपणे डिझाइनची कामे करते. हळद आणि बेदाण्याचे व्यापारी, मिरजेचे तंतुवाद्य कारागीर, एखादा दवाखाना, एखादी शिकवणी असे माझे ग्राहक आहेत. त्यांतील बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘लोगोचे किती घेणार?’ हा असतो आणि दुसरा ‘वेबसाइट कधी मिळणार?’ हा असतो. तुमचा माल कोण घेतो, तो कोणत्या फोनवर पाहतो, त्याला कोणत्या भाषेत वाचायची सवय आहे, हे मी विचारू लागले की काम उगाच लांबवले जात आहे असा समज होतो. हा समज आपल्याच व्यावसायिकांना महागात पडतो आहे, असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र.

सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये, हळदीला २०१८ मध्ये आणि मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे नाव आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि आता त्यावर अधिकृत मोहोरही उमटली आहे. डिजिटल ब्रँडिंग म्हणून आपल्याला नवे नाव जन्माला घालायचे नाही. त्या नावाच्या ओढीने फोनवर आलेल्या गिऱ्हाइकाचे काम अडू नये, एवढेच पाहायचे आहे. आणि नेमके तिथेच ते अडते.

तासगावकडच्या एका बागायतदार कुटुंबाने घरपोच बेदाणा विकण्यासाठी वेबसाइट करून घेतली होती. ऑर्डर येत नाहीत म्हणून ती माझ्याकडे दुरुस्तीला आली. द्राक्षांचे फोटो उत्तम होते, रंगसंगतीही सुरेख होती. मी आमच्या शेजारच्या काकूंना त्यांच्याच फोनवर ती उघडून दिली, अर्धा किलो बेदाणा मागवायला सांगितला आणि गप्प बसले. (अशा वेळी मध्ये बोलायचे नाही हा नियम मी कटाक्षाने पाळते, आपण बोट दाखवून वाट सांगितली की समोरच्याची अडचण आपल्याला कधीच कळत नाही.) काकूंनी नाव आणि पत्ता व्यवस्थित मराठीत लिहिला. मोबाइल नंबरच्या रकान्यात मात्र त्यांच्या मराठी कीबोर्डवरून ९, ८ असे देवनागरी अंक उमटले आणि खाली लाल अक्षरांत इंग्रजी सूचना आली. त्यांनी नंबर पुसून पुन्हा लिहिला, मग एक-एक आकडा मोठ्याने म्हणत तिसऱ्यांदा लिहिला, आणि शेवटी ‘माझाच नंबर चुकतोय का गं?’ असे विचारून फोन खाली ठेवला. नंबर अचूक होता. वेबसाइटला फक्त इंग्रजी अंक ओळखता येत होते. देवनागरी अंक आपोआप बदलून घेणाऱ्या दोन-चार ओळी लिहिल्यावर ती अडचण कायमची संपली. पण तोपर्यंत किती जणांनी असाच फोन खाली ठेवला असेल, याचा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

माझ्या हातूनही चूक झाली आहे, तीही सांगायला हवी. एका हळद व्यापाऱ्यांच्या दरपत्रकाचे पान करताना मी पांढऱ्या पार्श्वभूमीवर हळदी पिवळ्या रंगात दर लिहिले. घरातल्या मोठ्या स्क्रीनवर ते देखणे दिसले आणि मालकांनाही पसंत पडले. दुपारी बाराच्या उन्हात मार्केट यार्डात उभे राहून तेच पान फोनवर उघडले, तेव्हा दर दिसेनात. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील तफावत किमान ४.५ ला १ असावी, असा वेब सुलभतेचा आंतरराष्ट्रीय निकष आहे. माझ्या पानावर ती २ च्याही आत होती. मग तोच पिवळा रंग पार्श्वभूमीला दिला आणि अक्षरे गडद तपकिरी केली, तेव्हा ती ८ च्या वर गेली. व्यापाऱ्यांची हळदीची ओळख जशीच्या तशी राहिली आणि दरही वाचता येऊ लागले.

या दोन्ही गोष्टी सुधारता आल्या. सर्वांत मोठे नुकसान मात्र मराठी मजकुराचे चित्र करून टाकण्याच्या सवयीने होते, आणि ही सवय सर्वत्र आहे. तिचे कारण मला समजते. आमच्यातले अनेक जण लग्नपत्रिका आणि फ्लेक्सच्या कामातून या व्यवसायात आले. तिथले जुने फाँट छपाईपुरते ठीक होते. त्यांत आतून इंग्रजी अक्षरांचेच संगणकीय संकेत असत आणि वरून त्यांना मराठी रूप दिलेले असे. तो मजकूर वेबसाइटवर टाकला की त्याची निरर्थक चिन्हे होत, म्हणून चित्र करून टाकणे हा तेव्हा सोपा उपाय होता. आज तशी गरज उरलेली नाही. युनिकोड या जगभरातील लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतप्रणालीमुळे देवनागरी अक्षरांना स्वतःचे संकेत मिळाले, र. कृ. जोशी यांच्यासारख्या सुलेखनकाराने घडवलेला ‘मंगल’ हा फाँट विंडोजबरोबर घरोघरी पोहोचला, आणि ‘एक टाइप’ या मुंबईच्या गटाचे ‘मुक्ता’ व ‘बालू’ हे सुंदर फाँट तर कोणालाही मोफत वापरता येतात.

चित्रातला मजकूर शोध घेणाऱ्याला सहसा सापडत नाही, मोठा करायला गेले की फुटतो, आणि सोबत वर्णन लिहिलेले नसेल तर दृष्टिहीन व्यक्तीचा फोन तो वाचून दाखवू शकत नाही. युनिकोडमध्ये साठवलेले देवनागरी अक्षरचिन्ह साधारणपणे ३ बाइट घेते, म्हणजे हजार चिन्हांचा मजकूर ३ किलोबाइटच्या आसपास भरतो. त्याच मजकुराच्या चित्राला सहज त्याच्या शंभरपट जागा लागते, आणि ते उतरवून घेण्याचा भार गावाकडच्या तुटक नेटवर्कवर पडतो. आणखी एक छोटी गोष्ट मी प्रत्येक कामात पाहते. पानाची भाषा मराठी असल्याची नोंद कोडमध्ये केली, तर तशी सोय असलेल्या फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे उमटतात. शाळेत गिरवलेले अक्षर दुकानाच्या नावात दिसले की वाचणाऱ्याला ते आपले वाटते, आणि माझ्या मते ब्रँडची सुरुवात तिथून होते.

या विषयाची निकड मला ऑगस्ट २०१९ च्या महापुरात प्रथम जाणवली. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हे सांगलीतल्या लहान मुलालाही ठाऊक असते. त्या वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेले होते. तेव्हा मदत क्रमांकांचे फोटो व्हॉट्सॲपवरून माझ्याकडे येत होते. त्यावरच्या नंबरवर बोट ठेवून फोन लागत नव्हता, विजेअभावी बॅटरी संपत आलेली असताना एकेक आकडा कागदावर उतरवून घ्यावा लागत होता, आणि यादी आजची की तीन दिवसांपूर्वीची हे कळायला मार्ग नव्हता. २०२१ च्या पुरातही माझ्या फोनवर तेच चित्र होते.

म्हणून प्रशासनाला, ग्रामपंचायतींना, गृहनिर्माण संस्थांना आणि गणेश मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे, की येत्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या सूचना आणि मदत क्रमांक साध्या युनिकोड मजकुरात, वर तारीख आणि वेळ घालून तयार ठेवावेत; शोभेसाठी चित्र हवे असल्यास ते सोबत जोडावे. जुन्या फाँटमधील याद्या युनिकोडमध्ये आणण्याचे काम मी अशा कोणत्याही संस्थेला विनामोबदला करून देईन. माझा संपर्क क्रमांक आपल्या कार्यालयाकडे वेगळा पाठवत आहे. मागणाऱ्यांना तो द्यावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक स्वतंत्र व्यावसायिक डिझायनर,
विश्रामबाग, सांगली