‘कामाचे स्वरूप : संशोधन’ – मोडी वाचणाऱ्या काकांना पत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

हे पत्र जाहीर लिहितेय, कारण फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही ‘असू द्या हो बाई’ म्हणून विषय बदलता. दोनदा झालं तसं. आता मात्र पूर्ण वाचावं लागेल.

आमची सहा मुलं तुमच्याकडे पहिल्यांदा आली, ती कोणत्या वाटेने आली हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. नववीचा वर्ग. प्रतिसरकारचा, म्हणजे इंग्रजी अमलात सातारा भागात भूमिगतांनी चालवलेल्या समांतर सरकारचा, धडा शिकवून झाला होता. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा, किसन वीर ही नावं आमच्या भागातल्या मुलांना शिकवावी लागत नाहीत. कुंडलची तुफान सेना, ७ जून १९४३ ला शेणोलीला अडवलेली पगाराची रेल्वेगाडी, धुळ्याच्या खजिन्याची लूट, हे ती आज्या-आजोबांकडून ऐकतच मोठी होतात. त्या दिवशी एका मुलीने विचारलं, “बाई, एवढी सगळी माणसं तीन वर्षं भूमिगत होती, तर त्यांना रोज जेवायला कोण घालत होतं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हौसाताई पाटलांचं मी सांगितलं. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा मारतोय असं सोंग त्यांनी वठवलं आणि तेवढ्यात साथीदारांनी बंदुका पळवल्या, ते. पण हौसाताई नानांच्या लेक, त्यांचं नाव राहिलं. मुलीचा प्रश्न भाकरी थापणारीबद्दल होता. ती पुढे म्हणाली, “आमच्या पणजीनं घातलंय म्हणतात. पण पुरावा नाही.”

‘पुरावा नाही’ हे शब्द नववीतल्या मुलीच्या तोंडी कुठून आले ते नंतर कळलं. १९७२ साली स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली तेव्हा स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन सुरू झाली. तिच्यासाठी तुरुंगवासाचा किंवा भूमिगत असल्याचा पुरावा लागायचा. तिच्या पणजीला गावातल्या कुणीतरी अर्ज करायला लावला होता. रात्री चुलीपुढे बसलेल्या बाईला कोण दाखला देणार? अर्ज परत आला. ते दोन शब्द तेव्हापासून त्या घरात आहेत. म्हातारी गेली तरी ते राहिले.

मग आम्ही शोधायचं ठरवलं. सहा मुलं आणि मी, शनिवारची शाळा सुटली की बाहेर पडायचो. एका कार्यालयात सांगितलं, तुमचं गाव त्या काळात सातारा जिल्ह्यात, तिकडे जा. तिकडे गेलो तर, तुमचं गाव आता सांगलीत, इकडे काय मिळणार? १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० साली त्याचं नाव सांगली झालं, हे मला पाठ आहे, मी इतिहास शिकवते. शिवाय आमच्या शेजारचं कुंडल तर औंध संस्थानात होतं, म्हणजे त्या शिवारातला बांध ओलांडला की राज्य बदलायचं. पोलिसांना चकवायला भूमिगतांना या हद्दींचा उपयोग झाला. ८० वर्षांनी त्याच हद्दी आम्हाला टोलवायला वापरल्या गेल्या, याचं मला फार वाईट वाटलं. खरं तर राग आला, अजून आहे.

त्या कार्यालयात आत जाताना वहीत नोंद करावी लागते. नाव, गाव, कामाचे स्वरूप. तिथल्या माणसाने आम्हा कुणालाही नाव विचारलं नाही. स्वतःच लिहिलं, “शाळेची पोरं – ६ + १.” मी ती ‘१’. मुलांनी ते वाचलं. बाहेर आल्यावर एकही जण बोललं नाही.

मग त्या मुलीने घरून एक जुनी वही आणली. पणजीच्या सासऱ्यांची जमाखर्चाची वही, आजीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली, ट्रंकेत सातबाऱ्यांच्या खाली पडून होती. सगळी मोडीत. कागद पिवळा, कडा कुरतडलेल्या. एका विद्वान गृहस्थांना आम्ही पानांचे फोटो पाठवले. त्यांचं उत्तर आलं, बघतो. चार महिने ते बघत होते. मी आठवण केली तर म्हणाले, घरगुती हिशेब आहे, त्यात इतिहास नसतो. त्यांचं नाव लिहीत नाही. पण त्या चार महिन्यांत दर सोमवारी प्रार्थनेनंतर ती मुलगी माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायचे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

तुमचं नाव आम्हाला वाचनालयात पेपर टाकणाऱ्या मुलाने सांगितलं. ‘वरच्या मजल्यावर एक काका बसत्यात, जुनं वाचत्यात.’ एवढ्या ओळखीवर आलो आम्ही.

काका, तुम्ही आमच्यासाठी काय काय केलंत ते सांगायला बसले तर हे पत्र संपणार नाही. सात शनिवार. स्वतःच्या खर्चाने काढलेल्या झेरॉक्स. मोडीत शिरोरेघ आधी ओढून घेतात आणि मग तिला अक्षरं लटकवतात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, हे फळ्याविना तुम्ही असं शिकवलंत की आता दोन मुलं एकमेकांना मोडीत चिठ्ठ्या लिहितात. पण मला आभार मानायचेत ते एका वेगळ्याच गोष्टीचे. ती तुमच्या लक्षातही नसेल.

पहिल्या दिवशी आम्ही जिना चढून वर आलो. टेबलावर तुमचीही एक वही होती, येणाऱ्या-जाणाऱ्यांची. ती बघूनच मुलं मागे सरकली. तुम्ही चष्मा लावलात, पेन झटकून बघितलंत आणि पहिल्या मुलाला विचारलंत, “आपलं पूर्ण नाव?” आपलं! त्याला कळेचना की त्यालाच विचारताय. मग एकेकाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. आईचंही नाव लिहू का, असं एकीला विचारलंत, कारण ती आधी तेच बोलली होती. सहा ओळी, सहा नावं. आणि ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात प्रत्येकापुढे, ‘वरीलप्रमाणे’ असं न लिहिता, सहाही वेळा तुम्ही लिहिलंत: संशोधन.

मी मागे उभी होते. त्यातल्या सगळ्यात दंगेखोर मुलाने शर्ट आत खोचला, हे मी पाहिलं.

त्या एका शब्दाने काय केलं हे तुम्हाला पुढे दिसलंच. मुलं एकदम जबाबदार झाली. पान उलटायच्या आधी हात पुसायला लागली. आणि मग कार्तिकातलं ते पान आलं. शके १८६६. मुलांनी बोटं मोडत ७८ मिळवले: १९४४ चा नोव्हेंबर. तुमचं बोट कागदापासून एक इंच वर धरून सरकत होतं. मीठ, रॉकेल, बैलाचा नाल, आणि मग तुम्ही थांबलात. परत मागे गेलात. वाचलंत: “वद्य १३. पाहुणे ७. ज्वारी १ पायली.” पुढे सूनबाईचं नाव, ‘हस्ते’ लिहून. ते नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ते सांगायचा मान त्या मुलीचा आहे. तिने तेव्हा ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं.

दुसरं कुणी असतं तर तिथेच जाहीर केलं असतं, सापडलं, पणजी क्रांतिकारक! मुलं तर ओरडलीच. तुम्ही मात्र म्हणालात, “पाहुणे म्हणजे पाहुणे. लग्नाचे असतील, सोयरीक बघायला आलेले असतील. कोण, ते ही वही सांगत नाही. पुढे वाचा, आणि गावाला विचारा.” मला त्या क्षणी तुमचा थोडा राग आला होता, कबूल करते. मुलीला एवढा आनंद झालाय, तर राहू द्या ना. आज वाटतं, तिची खरी किंमत तुम्हीच राखलीत. तिच्या पणजीला एकदा ‘पुरावा नाही’ म्हणून परत पाठवलं होतं. आता पुरावा मिळवायचा, तर तो कच्चा असून चालणार नव्हतं.

मुलांनी पुढची ११ महिन्यांची पानं तुमच्यासोबत वाचली. पाहुणे २३ वेळा आले होते. शर्ट खोचणाऱ्या त्याच मुलाने सगळ्या तिथ्या एका कागदावर मांडल्या आणि म्हणाला, “काका, यातले १७ वेळा वद्य दशमीनंतरच आलेत. अवसेपर्यंत. चांदण्यात पाहुणे येत नाहीत?” तुम्ही कागद हातात घेतलात आणि बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, “हा पुरावा नव्हे. पण हा प्रश्न मला सुचला नव्हता.” ७० पार केलेला माणूस १४ वर्षांच्या पोराला असं सांगतो, हे मी २२ वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

आणि मग गावाला विचारलं. वरच्या आळीत एक आजी आहेत, नव्वदीच्या पुढच्या. त्यांना मुलांनी आम्ही शिकवल्याप्रमाणे ‘भूमिगत’, ‘प्रतिसरकार’ असे शब्द घालून प्रश्न विचारले. आजी नुसत्या बघत राहिल्या. शेवटी त्या मुलीने वहीतला शब्द वापरला. “आजी, तुमच्या लहानपणी रात्री पाहुणं यायचं का वो?” आजींचा चेहराच बदलला. आधी त्यांनी दाराकडे पाहिलं. ८० वर्षांनीसुद्धा दाराकडे पाहिलं, काका! मग हळू आवाजात म्हणाल्या, “पाव्हणंच म्हनायचं. नाव घ्यायचं न्हाई. तुझी पणजी भाकरी वैरणीच्या भाऱ्यात घालून मळ्यात न्यायची. म्या संगं जायची, ल्हान पोर असली की कुनी अडवत न्हाई.”

मी रेकॉर्डिंग करत होते, माझा हात थरथरला, तो आवाज त्यात आलाय. वहीतली ओळ आणि आजींचा शब्द, दोन्ही एकमेकांना न विचारता तेच सांगत होते. तुमचा हट्ट नसता तर आम्ही आजींपर्यंत गेलोच नसतो.

मुलीच्या घरी आम्ही सगळं वाचून दाखवलं. तिच्या आजोबांनी, म्हणजे पणजीच्या धाकट्या मुलाने, शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “त्या काकांनी आईचं नाव मोठ्यानं वाचलं का?” मी म्हटलं, हो, पूर्ण वाचलं. त्यांना तेवढंच हवं होतं बहुतेक. उठून बाहेर गेले आणि गोठ्यात बराच वेळ उभे होते.

काका, चांगुलपणा म्हटलं की लोकांना देणग्या आठवतात, मोठे त्याग आठवतात. समोरच्याचं पूर्ण नाव विचारून घेणं हाही चांगुलपणाच आहे, आणि तो आमच्याकडे फार दुर्मिळ झालाय. त्या कार्यालयातल्या माणसाला सहा नावं लिहायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. त्या विद्वानांना ‘मला जमणार नाही’ एवढं कळवायला? त्याहून कमी. ती दोन मिनिटं तुम्ही दिलीत. मग सात शनिवार दिलेत, पण माझ्या मते ते सात शनिवार त्या दोन मिनिटांतूनच निघाले. पणजीच्या सासऱ्यांनीही तेच केलं होतं की! बाईमाणसाचं नाव कोण लिहितं हिशेबात? ‘घरात दिली’ म्हटलं तरी भागलं असतं. त्यांनी नाव लिहिलं, म्हणून आज ते आहे.

मुलांनी त्यांचा अहवाल पूर्ण केलाय. ३१ पानं. ‘सिद्ध झाले’ हा शब्द त्यात एकदाही नाही, तुम्ही तपासून बघा. पणजीच्या नावापुढे काय लिहायचं यावर दोन दिवस भांडण झालं आणि शेवटी त्यांनी वहीतलीच ओळ जशीच्या तशी ठेवली.

वहीची शेवटची चार पानं अजून राहिली आहेत, पाण्याने शाई फुटलीय तिथे. दिवाळीच्या सुट्टीत पहिल्या शनिवारी येतो. या वेळी सहा नाहीत, नऊ मुलं आहेत. तुमच्या वहीत नऊ ओळी लागतील.

आपली,
मुलांच्या इतिहासाच्या बाई

ता. क. खाली मोडीत जी सही आहे ती त्या मुलीची. शिरोरेघ थोडी वाकडी गेलीय. ती म्हणाली, काकांना कळेल.