बाबांची चूळ, आईची खडीसाखर

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर बोलता बोलता विषय दरवेळी निसटतो, म्हणून लिहितेय. बाबा, परवा जेवताना तुम्ही म्हणालात, हल्ली आमटीला चवच लागत नाही. आईचा चेहरा उतरला. तिच्या हाताची चव गेलेली नाही हो. बेसिनवरच्या फळीवर ती क्लोरहेक्सिडीनची बाटली बघितली तेव्हा मला उलगडा झाला. दाढ काढली तेव्हा डॉक्टरांनी ती दोन आठवड्यांसाठी दिली होती. तुम्ही चार महिने रोज दोन वेळा चुळा भरताय. या औषधानं चव जाते आणि दातांवर तपकिरी डागही पडतात. तुमच्या खालच्या दातांवर ते दिसतातच.

तुम्हाला वाटतं, तोंडातले जंतू मेलेले बरे. पण माणसांच्या तोंडांत मिळून सातशेच्या आसपास जातींचे जिवाणू सापडतात आणि त्यातले कितीतरी आपल्या कामाचे असतात. पालकातलं, बिटातलं नायट्रेट घेऊन जिभेच्या मागच्या भागावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. पुढे शरीरात त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं आणि रक्तवाहिन्या सैलावतात. तुम्हाला बीपी आहे. आई आठवड्यातून तीनदा निगुतीनं पालकाची भाजी करते आणि तुम्ही सकाळ-संध्याकाळ त्याच जिवाणूंना मारून टाकता, याचं मला फार वाईट वाटतं.

शिवाय नुसत्या चुळेनं कीटण जात नाही. १६८३ साली हॉलंडच्या लेव्हेनहूकनं स्वतःच्या दातांवरचं कीटण भिंगाखाली पाहिलं. त्यात जिवाणूंची ही वळवळ! व्हिनेगरनं दात धुतले, तर फक्त वरवरचे मेले, आतले तसेच राहिले. तो थर ब्रशनंच खरवडावा लागतो. हिरडीच्या कडेला ब्रश जरा तिरका धरून, हलक्या हातानं. तुमची शुगरही काठावर आहे. हिरड्या सुजल्या की शुगर आवरत नाही आणि शुगर वाढली की हिरड्या बिघडतात.

आई, आता तुझं. घसा कोरडा पडतो म्हणून तू उशाशी खडीसाखरेची डबी ठेवतेस, खडा गालात धरूनच झोपतेस. झोपेत लाळ अगदी कमी सुटते. दिवसा तीच लाळ तोंडातलं आम्ल धुऊन काढते. रात्री साखरेवर ताव मारायला दात किडवणारे जिवाणू मोकळे, आणि त्यांनी केलेलं आम्ल दाताला चिकटून राहतं. गालाच्या त्याच बाजूच्या दोन दाढा किडल्यात, बघ. डबीच्या जागी पाण्याचा तांब्या ठेव. तोंड कोरडं पडणं गोळ्यांमुळेही असू शकतं, तेव्हा डॉक्टरांना विचारू, पण आपल्या मनानं गोळी बंद करू नकोस.

फ्लोराइडची पेस्ट चालू ठेवा. रात्री ब्रश केल्यावर पेस्ट थुंकून टाका, पण लगेच खळखळून चुळा भरू नका, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकतं. बाबा, कवळी रात्री काढून, घासून, पाण्याच्या वाटीत ठेवा.

शनिवारी अकराची दातांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, दोघांचीही. मी आदल्या रात्रीच पोचते. ती बाटली तोवर कपाटात ठेवून द्या, बाबा. आणि आई, शुक्रवारी रात्री आमटीच कर.

तुमची,
छोटी