बोटीच्या तपासणीत होकायंत्रही पाहावे

महोदय,

1 ऑगस्टला मासेमारीबंदी उठली की हर्णैच्या बोटी बाहेर पडतील आणि बहुतेक तांडेल (बोटीचे प्रमुख) केबिनमधल्या जीपीएसवरच विसंबतील. मात्र सुमारे 20 हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांवरून येणारा जीपीएसचा संकेत खाली पोहोचेपर्यंत इतका क्षीण होतो, की यंत्राच्या स्वतःच्या खरखरीखाली तो दडलेला असतो, आणि त्याच वारंवारितेवर जवळून कोणी किरकोळ रेडिओ लहर सोडली तरी तो बुडून जातो.

त्यासाठी शत्रूच हवा असे नाही. 2001 मध्ये कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग या मासेमारी बंदरात जीपीएस कित्येक महिने चालेना. शोधाअंती दोष निघाला तो बोटींवरच्या बूस्टरवाल्या (संकेत वाढवणाऱ्या) टीव्ही अँटेनांचा. असले स्वस्त बूस्टर आपल्याही बोटींवर आहेत.

गेल्या हंगामात पहाटे, सुवर्णदुर्गाच्या पश्चिमेला, आमच्या यंत्राने पंधरा मिनिटे स्थानच दाखवले नाही. म्हाताऱ्या तांडेलांनी कनकदुर्गावरचा दीपगृहाचा दिवा आणि होकायंत्राची सुई पाहत बोट आत आणली. तरुण खलाशी मात्र रिकाम्या पडद्याकडेच बघत उभे होते. असे का झाले ते कळले नाही आणि त्याची नोंद कुठे करायची हेही बंदरात कोणाला सांगता आले नाही.

संकेत बुडाला तर निदान समजते. खोटा संकेत आला तर यंत्र चुकीची जागा बिनदिक्कत दाखवते. नोव्हेंबर 2023 ते फेब्रुवारी 2025 या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर व जम्मू परिसरात, विमानांच्या बाबतीत जीपीएसमधील हस्तक्षेपाच्या 465 घटना नोंदल्या गेल्याचे सरकारनेच संसदेत सांगितले आहे. सरकारी योजनेतून बोटींवर बसवले जाणारे ट्रान्सपॉन्डर, म्हणजे बोटीचे स्थान किनाऱ्याला कळवणारी यंत्रे (ही योजना मोलाची आहे, याबद्दल दुमत नाही), संकटाच्या वेळी उपग्रहांवरून मिळालेलेच स्थान कळवतात. ते चुकले तर तटरक्षक दल भलत्याच पाण्यात शोध घेत राहील. आपली ‘नाविक’ ही भारतीय उपग्रह-दिशादर्शन प्रणाली वेगळ्या वारंवारितांमुळे काही आधार देऊ शकेल, परंतु तिचेही संकेत तितकेच नाजूक आहेत.

म्हणून मत्स्यव्यवसाय विभागाने हंगामापूर्वीच्या तपासणीत चालू स्थितीतील होकायंत्र आणि ते वाचू शकणारा किमान एक खलाशी बोटीवर आहे याची खात्री करावी, आणि जीपीएस बिघडल्याची वेळ व जागा नोंदवण्यासाठी प्रत्येक बंदरात एक वही ठेवावी.

– एक बोटमालक, हर्णै (ता. दापोली)