हळू सूर टिकवायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

ऑपेराच्या स्वरलिपीत ‘पियानिस्सिमो’ लिहिलं असेल तिथे अगदी हळू गायचं, एवढं कुणीही सांगतं. ते कसं साधायचं हे तुम्ही दाखवलंत. त्यासाठी आम्हा विद्यार्थ्यांचं हे पत्र.

हळू गाताना दम सैल सोडायचा नाही, ही तुमची पहिली ताकीद. दम सुटला की बरगड्या मिटतात, सूर उतरतो, तो सावरायला घसा आवळतो आणि स्वरयंत्र वर चढतं. स्वरतंतू पुरते मिटले नाहीत तर आवाजात नुसती हवा येते. ऑपेरात माइक नसतो, त्यामुळे असा आवाज वाद्यवृंदाखाली गाडला जातो. वाद्यवृंदाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनांच्या) आसपास असतो. विशेषतः पुरुषांच्या आवाजात ३००० हर्ट्झजवळची खणखण थोडी जरी शिल्लक राहिली, तरी हळू सूर शेवटच्या रांगेपर्यंत जातो. म्हणून हवा कमी करायची, तंतूंची पकड नाही.

‘मेस्सा दि व्होचे’, म्हणजे एकच सूर फुलवून पुन्हा मिटवण्याची कसरत, तुम्ही किती बारकाईने करून घेतलीत! आधी मध्यम आवाजात गळा तापवायचा. मग मधल्या पट्टीतला एकच सूर ‘ओ’वर हळू लावायचा, चार मोजेपर्यंत फुलवायचा आणि आठ मोजेपर्यंत मिटवत आणायचा. उतरायला दुप्पट वेळ, कारण आवाज तुटतो तो उतरतानाच. जड आवाजाचं वजन उशिरा कमी केलं की तो फाटतो. तसं झालं तर अर्धा स्वर खाली यायचं आणि वजन आधीपासून काढू लागायचं. अशी पाच आवर्तनं, मग थांबायचं.

टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुष मंडळींना तुम्ही दिलेली कसोटी तर अनमोल आहे. व्हेर्दीच्या ‘आइदा’ या ऑपेरात (कैरो, १८७१) ‘चेलेस्ते आइदा’ या प्रेमगीताचा शेवटचा उंच सूर, बी-फ्लॅट, अगदी हळू, विरत जाणारा लिहिला आहे. बहुतेक जण तो पूर्ण ताकदीने ठोकतात आणि प्रेमाची ती कुजबूज आरोळी होऊन जाते. कसोटी अशी, की त्या हळू सुरावरून न तुटता भरल्या आवाजात परतता आलं तर दमाचा आधार खरा. नाही आलं तर तो निव्वळ फॉल्सेट्टो, म्हणजे पातळ, पोकळ आवाज.

आणि व्यंजनं! सूर हळू झाला तरी ती हळू करायची नाहीत, इटालियन जोडव्यंजनं तर मुळीच नाहीत, हे तुम्ही दरवेळी न कंटाळता सांगितलंत.

मनापासून आभार.

तुमचे विद्यार्थी