ब्राउनीतलं चॉकलेट रश्श्यात

महोदय,

रविवारच्या पुरवणीतली ब्राउनी दोनदा करून पाहिली. कृतीत नुसतं ‘डार्क चॉकलेट’ लिहिलंय. आमच्या दुकानदाराने त्या नावाखाली कंपाउंडची लादी दिली. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती चरबी असते. ब्राउनी मेणासारखी टाळूला चिकटली. दुसऱ्यांदा ७० टक्के कोकोचं आणलं, ब्राउनी १८० अंशांवर २५ मिनिटांनी, मध्ये ओलसर असतानाच बाहेर काढली. नातवाने गार होऊ दिली नाही.

उरलेल्या चॉकलेटच्या दोन वड्या मी मटणाच्या तांबड्या रश्श्यात टाकल्या. ह्यांनी कपाळाला हात लावला! पण मेक्सिकोत पुएब्लाच्या ‘मोले’ या दाट रश्श्यात मिरच्या, तीळ, सुकामेवा आणि चॉकलेट एकत्रच असतं, आपल्या वाटणाचं ते भावंडच. मिरची आणि कोको दोन्ही अमेरिका खंडातले, मिरचीला तेवढं पोर्तुगीजांनी आधी इकडे आणलं. रस्सा गोड झाला नाही. रंग गडद आला, भाजलेलं खोबरं जास्त खमंग लागलं. चौघांच्या रश्श्याला १० ग्रॅम पुरे. मी २० घातलं, किंचित कडवटलं, हे कबूल.

कृती छापताना कोकोची टक्केवारीही छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, मिरज