सावंतवाडीला दोन रात्री तरी द्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आमच्या सोसायटीत दिवाळीच्या सुट्टीचं बोलणं निघालं की गोवा आधीच ठरलेला असतो. गाडी पहाटे निघते, कोल्हापूर, आजरा, आंबोली करत घाट उतरते आणि सावंतवाडीत मोती तलावाच्या कडेला उभी राहते. चहा होतो, लाकडी फळांची एक परडी घेतली जाते, तलाव मागे ठेवून फोटो निघतात आणि गाडी बांद्याच्या रस्त्याला लागते. पंधरा वर्षांपूर्वी मीही अशीच गेले होते. सहलवाल्यांनी चाळीस मिनिटं दिली होती. राजवाड्याच्या दारापर्यंत पोचलो आणि मागून हॉर्न वाजायला लागला. मी चित्रकलेची शिक्षिका. आत गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, हाताने रंगवतात हे मला ठाऊक होतं. ते न बघता परत फिरावं लागलं, याची रुखरुख इतकी वर्षं राहिली.

गेल्या जानेवारीत मी, आमचे हे आणि आठवीतली नात असे तिघं स्वारगेटहून एसटीने गेलो आणि तीन दिवस राहिलो. पुण्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. तेवढा प्रवास करून तिथे चाळीस मिनिटं थांबणं हा त्या गावावरही अन्याय आहे आणि आपल्यावरही.

सावंतवाडीत वाहन लागतच नाही. तलाव गावाच्या मधोमध आहे. एका अंगाला राजवाडा, दुसऱ्या अंगाला बाजार. सकाळी साडेसहाला बाहेर पडा. पाण्यावर धुकं असतं, गावातली माणसं फेऱ्या मारत असतात, आणि ऊन वर आलं की राजवाड्याचा तांबडा रंग हळूहळू पाण्यात उतरतो. आम्ही तिन्ही सकाळी तलावाला पूर्ण फेरी मारली. संध्याकाळी मात्र कट्ट्यावर नुसतं बसावं. कात्रजचा तलाव मी लहानपणापासून बघते आहे, पण गावाचं सगळं येणंजाणं पाण्याच्या काठाने चालतं, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

आता गंजिफांबद्दल. राजवाडा पाहण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि हाताशी निदान दोन तास ठेवा. दरबार हॉलमध्ये कारागीर बसून काम करत असतात आणि आपल्याला जवळ उभं राहून बघता येतं. दशावतारी गंजिफेचे पत्ते गोल, एकूण १२०. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे, कूर्माच्या पत्त्यांवर कासवं, परशुरामाच्या पत्त्यांवर परशू. माझ्यासमोर एक मुलगी माशांचा पत्ता करत होती. रुपयाच्या नाण्याहून थोडीच मोठी जागा, त्यात मासे दाटीने बसवलेले. प्रत्येकाची पाठ एका ओढीत, मग खवल्यांच्या बारीक रेघा, शेवटी डोळ्याचा एक ठिपका. ठिपका देताना ती श्वास रोखून धरत होती. मी तीस वर्षं मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवलं, मनगट न टेकता रेघ ओढणं म्हणजे काय ते मला कळतं. खेळ दिवसा मांडला तर रामाच्या राजापासून सुरुवात, रात्री मांडला तर कृष्णाच्या, हे ऐकल्यावर नात तिथेच मांडी घालून बसली.

ही कला जवळजवळ संपली होती. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती जुन्या चिताऱ्याकडून शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागीर तयार केले, म्हणून आज ती बघायला मिळते. हाताने रंगवलेला संच महाग असतो. आम्ही पूर्ण संच घेऊ शकलो नाही, दोन सुटे पत्ते घेतले. पण कृपा करून तिथे छापील पत्त्यांच्या जोडाशी तुलना करून घासाघीस करू नका. माझ्यासमोर एका पुणेकर गृहस्थांनी ती केली आणि मला खरंच वाईट वाटलं.

राजवाड्यातून चालत चितार आळीत जा. लाकडी खेळण्यांची दुकानं तिथे ओळीने आहेत. फळांसाठी पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरतात. मी एक केळं उचललं, तर सालीवर पिकल्याचे तपकिरी ठिपके होते, देठाकडे हिरवट छटा राहिली होती. सीताफळाचा डोळा न् डोळा वेगळा रंगवलेला. दुकानातल्या आजोबांनी नातीला सांगितलं, "हात लावन बघ गो, रंग जाऊचो नाय." भातुकली, पाळणे, पाट हे सगळं आहेच, पण फळं नीट निरखून घ्या, कुठल्या हाताचं काम बारीक आहे ते दिसतं.

खाण्याचं थोडक्यात सांगते: सकाळी घावणे-चटणी, शाकाहारी असाल तर काळ्या वाटाण्याची उसळ, मासे खाणाऱ्यांना सांगायला नको. येताना मालवणी खाजा आणा, आल्याचा जरा तिखट असलेला.

एक गोष्ट मात्र पुण्यात कोणी सांगत नाही. तुळशीच्या लग्नानंतर आसपासच्या गावांत जत्रा सुरू होतात आणि देवळापुढे रात्रभर दशावतारी नाटक चालतं. खोलीच्या मालकीणबाईंना विचारलं, तर त्यांनी जवळच्या गावातली त्या रात्रीची जत्रा सांगितली आणि स्वतःच बरोबर आल्या. नट आपला चेहरा आपणच रंगवत बसले होते, समोर एक छोटा आरसा. पखवाज सुरू झाला, संकासुर राक्षस आला आणि मालवणीत बोलायला लागला, तशी सगळी बायकामुलं हसून लोळली. दुपारी पत्त्यांवर पाहिलेले अवतार रात्री देवळासमोर उभे, हे नातीच्या लक्षात आलं, मला सुचलंही नव्हतं. पहाटे चारला परतलो, ती माझ्या खांद्यावर झोपली होती.

तिसरा दिवस मोकळा असेल तर नरेंद्र डोंगरावर झाडीतून फिरून या, किंवा वेंगुर्ल्याला, किंवा १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातल्या शिरोड्याला. रेल्वेने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की सावंतवाडी रोड स्थानक गावात नाही, मळगावला आहे. तिथून रिक्षा करावी लागते.

आपल्या पुरवणीत सुट्टीच्या दिवसांत सहलींची पानं असतात. त्यांत सावंतवाडीचं नाव आजवर मी फक्त 'गोव्याच्या वाटेवर' या चौकटीतच वाचलं आहे. या दिवाळीला तिला स्वतःचं पान द्यावं, ही आग्रहाची विनंती. आणि सहली काढणाऱ्या मंडळींनी गाडी तलावाकाठी उभी केलीच, तर निदान राजवाडा बघून होईपर्यंत हॉर्न वाजवू नये.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
सहकारनगर, पुणे