थेंब घालणार, हे नंबर लावतानाच सांगा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावायला फोन केला की वार, वेळ आणि फी एवढं सांगतात. डोळ्यांत थेंब घालणार आहेत आणि पुढचे चार-सहा तास जवळचं धड दिसणार नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. ते फोनवरच सांगावं आणि दवाखान्याच्या दाराशी मराठीत पाटी लावावी, एवढ्यासाठी हे पत्र. पाटी मोठ्या अक्षरांत हवी, कारण वाचणारे सगळे डोळ्यांचेच पेशंट!

मी सातारा जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी होतो. नाव भारदस्त असलं तरी हे पद डॉक्टरचं नव्हे. चष्म्याचा नंबर काढणं, डोळ्याचं प्रेशर बघणं, शिबिरात मोतीबिंदूचे पेशंट निवडणं, हे आमचं काम. निवृत्तीनंतर परवा थोरल्या वहिनींना घेऊन एका खासगी दवाखान्यात गेलो आणि पेशंटांच्या बाकावर बसलो. शेजारी एक शेतकरी गृहस्थ, मोटारसायकलवर एकटेच आलेले. सिस्टर येऊन थेंब घालून गेल्या, "डोळे मिटून बसा, बाबा." थोड्या वेळाने पुन्हा थेंब. अर्ध्या तासाने त्यांनी मोबाइल काढला, हात लांब केला, जवळ आणला, परत लांब केला. मुलाचं नाव काही सापडेना. शेवटी फोन मी लावून दिला. मुलगा पुण्याला. "गाडी इथेच ठेवा, एसटीने जा," म्हटलं, तर म्हणाले, "आन् उद्या न्यायला कोन येनार?" भर उन्हात, डोळे बारीक करून, गेले तसेच.

थेंबांना माझा विरोध नाही, उलट ते चुकवू नयेत. बाहुली मोठी झाल्याशिवाय आतला पडदा कडेपर्यंत दिसत नाही. शुगरवाल्यांचं तर असं असतं, की तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचतील, नजर ६/६, आणि आत पडद्यावर रक्ताचे ठिपके यायला लागलेले. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून तर वर्षातून एकदा पडदा बघायचा. पण "थेंब नकोत साहेब, नुसता नंबर काढा," हे मी नोकरीभर ऐकलं. औषधाची भीती नसते हो. परत कसं जायचं, ही भीती असते. त्या शेतकरी गृहस्थांना आधी कळलं असतं तर पुतण्याला घेऊन आले असते, उन्हासाठी गॉगल आणला असता.

बाकी तपासणीत घाबरण्यासारखं काही नाही. मशीनवर हनुवटी टेकवायची, आत सरळ रस्ता आणि टोकाला फुगा दिसतो, तिकडे बघायचं. प्रेशरच्या मशीनमधून डोळ्यावर हवेची फुंकर येते. दचकायला होतं, इतकंच. प्रेशर साधारण १० ते २१ असावं, पण त्यातही काचबिंदू असू शकतो, म्हणून डॉक्टर डोळ्याची नसही बघतात. तक्त्यापुढे मात्र लोक परीक्षेला बसल्यासारखे बसतात. आधीच्या पेशंटचं ऐकून अक्षरं पाठ केलेले बहाद्दर मी पाहिलेत! एका आजींनी डोळा झाकायच्या आतच अख्खी ओळ म्हणून दाखवली होती. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा, भिंगं बदलताना दोन्ही सारखीच वाटली तर सारखीच म्हणा. खोट्या उत्तरावर चष्माही खोटाच बनतो. आणि शुगर वर-खाली होत असेल तर नंबरही हलतो. आधी शुगर आटोक्यात येऊ द्या, मग फ्रेम निवडा.

जाताना जुना चष्मा न्या. डोळ्यांत जे थेंब घालता त्यांच्या बाटल्याच न्या, "लाल झाकणाची बाटली" एवढ्यावरून औषध ओळखता येत नाही. बायकांनी त्या दिवशी काजळ घालू नये. पुरुष एक गोष्ट हमखास लपवतात, लघवीच्या त्रासावरची गोळी. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल, किंवा पूर्वी घेऊन बंद केली असेल, तरी सांगा. तिच्यामुळे मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बाहुलीभोवतालचा रंगीत पडदा ढिला पडतो. सर्जनला आधी माहीत असलं की तो तयारीनिशी उतरतो.

लहान मुलांना तपासणीआधी कधी कधी ॲट्रोपिनचं, म्हणजे बाहुली मोठी करणारं, मलम घरी घालायला देतात. त्याचा अंमल आठवडाभर, कधी त्याहून जास्त राहतो. मुलाला पुस्तक दिसत नाही आणि बाई म्हणतात, लक्ष नाही. तेव्हा सहामाहीच्या तोंडावर ही तपासणी नको, आणि शाळेत चिठ्ठी द्या.

क्वचित एखाद्याला थेंबांनंतर डोळ्याचं प्रेशर एकदम चढतं. डोळा लाल होतो, भयंकर ठणकतो, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात, उलट्या होतात. घरचे म्हणतात पित्त झालं, आणि गोळी देऊन झोपवतात. सकाळपर्यंत थांबू नये, त्याच रात्री डॉक्टर गाठावा. म्हणून त्या पाटीवर खाली, रात्री उचलला जाईल असा फोन नंबरही लिहावा.

आपला,
एक निवृत्त नेत्रचिकित्सा अधिकारी,
वाई (जि. सातारा)